वेशीबाहेरचा विजय

क्विंटिलिस महिना, तारीख २८

तितिनिया म्हणाली, "अहो, दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा लिहा काहीतरी." म्हणून लिहायला घेतलं. एकतीस वर्षं नुसते हुकूम लिहिले. वाक्यं आखूड येतील. येऊ देत.

रोमच्या वेशीपासून साडेतीनशे पावलांवर बसलोय. मोजली आहेत. आज बाविसावा दिवस. ज्याच्या हातात फौजेचा अधिकार आहे त्याला शहराची शीव ओलांडता येत नाही. ओलांडली की त्या पावलाला अधिकार संपला. आणि अधिकार संपला की विजययात्रेचा हक्कही गेला. सिनेट यात्रा मंजूर करीपर्यंत बाहेर बसायचं. फौज मैदानात तंबूंत, मी भाड्याच्या घरात.

घर परटाच्या भट्टीला लागून आहे. लोकर स्वच्छ करायला हे लोक शहरभरचं मूत साठवतात. वारा फिरला की घास तोंडात फिरतो. इबेरियात सात महिने मेलेल्या घोड्यांजवळ जेवलो, तेव्हा असं झालं नव्हतं.

इथून क्विरिनाल टेकडीवरचं माझं छप्पर दिसतं. एक कौल सरकलंय. तितिनियाला सांगितलं, ती म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीच सरकलंय."

सेक्स्टिलिस महिना, तारीख ४

सिनेटने आज युद्धदेवी बेल्लोनाच्या देवळात बोलावलं. देऊळ शिवेबाहेर आहे, म्हणून माझ्यासारख्यांची सुनावणी तिथेच होते.

ग्नेअस वोल्कातिअस उठला. त्याच्या दिवाणखान्यात अकरा पूर्वजांचे मेणाचे मुखवटे टांगलेले आहेत. माझ्या दिवाणखान्यात एकही नाही. माझा बाप रेआते गावात खेचरं विकायचा, आणि आमच्या घराण्यातून या बाकांवर बसलेला पहिला माणूस मीच.

"ओटासिलिअस," तो म्हणाला, "विजययात्रेसाठी एका लढाईत पाच हजार शत्रू पडावे लागतात. तुमचे किती पडले?"

"तुरेसाच्या वेढ्यात सहाशे. मग त्यांनी दार उघडलं."

"म्हणजे तुम्ही जिंकला नाहीत. सौदा केलात. घरचा धंदाच तो."

मागच्या बाकावर कोणीतरी खेचरासारखं खिंकाळलं. सगळे हसले.

मी म्हणालो, "माझ्याबरोबर नऊ हजार माणसं गेली होती. त्यांतली आठ हजार सातशे परत आली. बारा वर्षांपूर्वी तुम्ही त्याच डोंगरात गेला होतात, वोल्कातिअस. तुमची किती परत आली ते विचारू का?"

हसू थांबलं. निर्णय पुढे ढकलला.

सेक्स्टस लोल्लिअस बाहेर भेटला. इबेरियात तो माझा दुय्यम होता, वीस वर्षांचा दोस्त. म्हणाला, "अरे, जिभेला जरा लगाम घाल." घालायचा असता तर खेचरांच्याच धंद्यात राहिलो असतो.

सेक्स्टिलिस, तारीख ९

कैदी मागच्या खोलीत आहे. लेतोंदो, तुरेसाच्या डोंगरी लोकांचा प्रमुख. दारावर दोन शिपाई. पायात बेडी आहे, पण हलकी. कैद्याशी बोलायची मला काही हौस नाही. वेळ जात नाही इतकंच.

छावणीतली लॅटिन त्याला येते, निम्मी शिव्यांची. आज म्हणाला, "ती भिंत तुझी?"

"आमची."

"मग आत का जात नाहीस?"

"परवानगी यायची आहे."

तो इतका हसला की शिपाई आत डोकावले. "माझं गाव घ्यायला तू कुणाची परवानगी मागितली नाहीस. स्वतःच्या गावात जायला मागतोस? नुमेरिअस, आपल्या दोघांत कैदी कोण, ते एकदा नीट ठरव."

त्याला वेशीवरून ओकची फळं आणून दिली. इथे ती डुकरांना घालतात. त्याने ती भाजली, दळली, भाकरी थापली. कडू होती. मी दोन खाल्ल्या.

सेक्स्टिलिस, तारीख १७

तितिनिया अंजीर घेऊन आली. लेतोंदो अंगणात बसून वेताची टोपली विणत होता. तिने त्याला अंजीर दिलं, त्याने ते कपाळाला लावून मग खाल्लं.

परत जाताना दारात थांबून तिने विचारलं, "यात्रा झाली की याचं काय करतात?"

"रथापुढे चालवतात."

"मग?"

"रथ कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी येतो. तिथे तुरुंग आहे. रीत आहे तशी."

"तुम्ही तुरेसाच्या दारात त्याला काय सांगितलं होतं?"

"दार उघड, तुझी माणसं जगतील. तूही जगशील."

"असं," ती म्हणाली आणि गेली.

सगळं समजावून सांगणार होतो मी. सिनेट कधीकधी सूट देते. एका राजाला आल्बा गावात घर देऊन ठेवलं होतं. मी मागणारच होतो तशी सूट. तिने ऐकायला तरी थांबायचं.

सेक्स्टिलिस, तारीख १८

सूट मागणारं पत्र लिहिलं. लेतोंदोचा आज पोट बिघडल्यामुळे उपास. त्याला लापशी पातळ करून द्यायला सांगितलं.

सप्टेंबर, तारीख ६

सेक्स्टस आला तो हसतच. मला मिठी मारली. "झालं! ऑक्टोबरच्या मध्याला विजययात्रा. चार पांढरे घोडे, जांभळा झगा, सगळं. वोल्कातिअस स्वतः ठराव मांडणार."

"वोल्कातिअस?"

"मीच मनवला त्याला. एकच अट आहे, आणि ती काही नवी नाही. यात्रा पुरती रीतीप्रमाणे व्हायची. डोंगऱ्यांचा म्होरक्या रथापुढे, आणि शेवटी तुरुंगात दोरी."

"माझं पत्र?"

"वाचलं. पण इबेरियातल्या बाकीच्या टोळ्यांना दिसायला हवं ना, रोमला दार उशिरा उघडलं की काय होतं ते."

"मी त्याला शब्द दिलाय, सेक्स्टस. तू शेजारी उभा होतास."

"अरे, शब्द दिलास तो वेढा संपवायला. रानटी माणसाला दिलास. त्याला कोण शब्द म्हणतं?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रेआतेच्या खेचरवाल्याचा पोरगा चार पांढऱ्या घोड्यांमागे, नुमेरिअस. तुझ्या बापाने हे बघायला हवं होतं."

विचार करायला आठ दिवस मागितले.

जाता जाता कळलं की सेक्स्टसला पुढच्या वर्षी इबेरियाचा सुभा मिळतोय. चांगलं झालं. माझ्यासाठी बिचाऱ्याने एवढी धावपळ केली.

सप्टेंबर, तारीख ९

शिंपी माप घ्यायला आला. सेक्स्टसने पाठवला. मी अजून हो म्हटलं नव्हतं, तरी हात वर करून उभा राहिलो. सोन्याच्या वेलबुट्टीचा नमुना त्याने खांद्यावर टाकून बघितला.

इथे खोटं लिहिणार नाही. मला ती यात्रा हवी आहे. सतराव्या वर्षापासून हवी आहे. अर्धा कान आफ्रिकेत गेला, गुडघा माकेडोनियात. वर्षानुवर्षं मूर्ख पोरांच्या हाताखाली काम केलं, त्यांच्या नावावर लढाया जिंकून दिल्या. त्यांच्या यात्रा बघितल्या. रथामागून चालणाऱ्यांत मी होतो, सहा वेळा. एक दिवस मला पुढे उभं राहायचंय. तोंडाला लाल रंग फासून, अख्खं रोम माझं नाव घेत असताना. एक दिवस. त्यासाठी एक डोंगरी म्हातारा.

म्हातारा नाही. माझ्याच वयाचा आहे.

सप्टेंबर, तारीख १२

सेक्स्टसला हो म्हणून निरोप पाठवला.

आज मागच्या खोलीत गेलो नाही.

सप्टेंबर, तारीख १५

जेवण जात नाही. भट्टीचा वास. पण आज वारा नदीकडून आहे.

लेतोंदोनेच हाक मारली. "नुमेरिअस, तीन दिवस तोंड लपवतोस. दोरी की तलवार?"

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या शिपायांनी. माणसं चांगली आहेत. सांगताना रडायला आलं होतं एकाला."

"दोरी."

"तलवार मागून बघ. आमच्यात दोरी बकऱ्यांना." मग तो परत टोपली विणायला लागला. "मला एवढंच कळत नाही. दाराशी तू हात पुढे केलास, तो मी धरला. खोटं बोलणाऱ्याचा तळवा घामेजतो. तुझा कोरडा होता. भिंतीवर येऊन मी माझ्या आईला म्हटलं, उघडा दार, हा माणूस खरा आहे. तीस वर्षं माणसं पारखतोय. माझी चूक कुठे झाली?"

"तुझी चूक झाली नाही."

"मग कुणाची झाली?"

मी दार ओढून बाहेर आलो.

सप्टेंबर, तारीख १६

नाही.

सेक्स्टसला निरोप पाठवला. एकच शब्द, हाच.

सप्टेंबर, तारीख १७

सेक्स्टस घोडा फेसाळेस्तोवर दौडत आला. दारातच ओरडला, "वेड लागलंय का तुला? ठराव मांडून झालाय!"

"मागे घ्यायला सांग."

"आता तू नको म्हणालास तरी यात्रा निघेल. तू आजारी आहेस म्हणू, रथात आडवा घालून नेऊ. तो माणूस आता तुझा नाही, रोमचा आहे."

"शिवेबाहेर आहे तोवर तो सेनापतीचा कैदी आहे. आणि सेनापती मी आहे."

"ऑक्टोबरपर्यंतच ना!"

"तेवढे दिवस लागणार नाहीत."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदा बघतोय. "माझ्या सुभ्याचं काय होईल, ते कळतंय का तुला?" म्हणाला. त्याच्या सुभ्याचा याच्याशी काय संबंध, ते मला नीट कळलं नाही. रागात माणूस काहीही बोलतो.

सप्टेंबर, तारीख १८

तितिनिया सकाळपासून छावणीत होती. जखमींची विचारपूस करायला गेले होते म्हणाली. जखमी सगळे कधीच बरे झालेत. शंभरांचा नायक असलेल्या सेंचुरिअन होस्टसशी बराच वेळ बोलत उभी होती असं शिपाई सांगत होता. होस्टसची लेक बाळंत झाली असेल, दुसरं काय.

मी काय ठरवलंय ते तिला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, "फौजेला आधी सांगा. त्यांचीही यात्रा आहे ती." मला हे सुचायला हवं होतं.

सप्टेंबर, तारीख १९

फौजेपुढे उभा राहिलो. 

म्हणालो, "विजययात्रा होणार नाही. तुम्ही हरलात म्हणून नाही. मी एका माणसाला जीवदान देतो म्हटलं होतं, आणि यात्रा हवी तर त्याचा जीव घ्यावा लागतो. म्हणून मी ती घेत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर मला द्या, सिनेटला नको."

दिल्या. भरपूर दिल्या. एक सलगम येऊन छातीवर बसलं. कोणीतरी ओरडलं, "आम्ही काय एका डोंगऱ्यासाठी दोन वर्षं थंडीत काढली?" त्याचं चुकलं नव्हतं. मी उभा राहिलो.

मग होस्टस पुढे आला. म्हातारा, दात पडलेला, बोलताना थुंकी उडते. "ए, गप्प बसा रे! त्या दाराशी पहिल्या रांगेत मी होतो. सेनापतीने शब्द दिला म्हणून मी ढाल खाली ठेवली. दार उघडलं नसतं तर दुसऱ्या दिवशी शिडीवर पहिला मी चढणार होतो. मी, आणि तू गाइअस, आणि तो सलगमवाला. आपण तिघं इथे उभे आहोत, ते त्या शब्दावर उभे आहोत. तो आज खोटा ठरला, तर पुढच्या गावाचं दार कोण उघडेल?"

सगळे काही शांत झाले नाहीत. निम्मे तंबूंत निघून गेले, काही माझ्याकडे पाठ करून. पण दुसरं सलगम आलं नाही.

सप्टेंबर, तारीख २०

सूर्य उगवताना लेतोंदोची बेडी काढली. लोहाराने नाही, मी. गुडघा टेकावा लागला, माकेडोनियातला गुडघा, चांगलाच बोंबलला. लेतोंदो म्हणाला, "माझ्यापुढे गुडघे टेकणारा पहिला रोमन."

"खिळा निघत नाहीये, गप्प बस."

सुटकेचं पत्र आधीच लिहिलं होतं. सेनापतीच्या अधिकाराने, सेनापतीच्या शिक्क्याने. होस्टस आणि चार माणसं त्याला नदीच्या होडीने ओस्तिया बंदराला नेतील. तिथून जहाज.

तो होडीत बसला. "तुला आत काय करतील?" त्याने विचारलं.

"बोलतील. ते बोलण्यात फार पटाईत आहेत."

"माझ्याबरोबर चल. डोंगरात कुणी बोलत नाही. थंडी असते."

"माझं घर इथे आहे. कौल सरकलंय, ते बसवायचंय."

त्याने हात पुढे केला. मी धरला. कुणाचा तळवा कसा होता ते लिहीत नाही. होडी वळणाआड गेली, तेव्हा मला पहिल्यांदा भूक लागली.

होडी पार दिसेनाशी झाल्यावर मी वेशीकडे निघालो. माझे सहा दंडधारी पुढे, खांद्यावर माझ्या अधिकाराची खूण, कुऱ्हाडी बांधलेल्या मोळ्या. मला वाटलं होतं निदान कोणीतरी अडवेल. वेशीत कोबीच्या गाड्या अडकल्या होत्या आणि दोन गाडीवाले एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते. मी शिवेच्या दगडाजवळ थांबलो. दंडधाऱ्यांना म्हणालो, "पोरांनो, इथे संपलं. मोळ्या खाली ठेवा." सगळ्यात लहानगा म्हणाला, "सेनापती, अजून विचार करा. एकच पाऊल आहे."

"म्हणूनच विचार करायचा नाही."

ओलांडली. एकतीस वर्षं एका पावलात गेली. आवाजसुद्धा झाला नाही. मागून गाडीवाला ओरडला, "अहो काका, बाजूला व्हा!"

पलीकडे तितिनिया उभी होती. पहाटेपासून उभी असावी, चपला दवाने भिजल्या होत्या. ती माझ्या बाजूने चालायला लागली. चढावर म्हणाली, "छातीवर कसला डाग आहे?"

"सलगमचा."

ती हसत सुटली. एवढी हसताना मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती. कारण तिने सांगितलं नाही.

ऑक्टोबर, तारीख ३

वोल्कातिअसने खटल्याची मागणी केली. रोमचा शत्रू पळवला म्हणून. मी उभा राहिलो आणि एकच विचारलं, "सुटकेचा हुकूम दिला तेव्हा मी कुठे उभा होतो? शिवेच्या आत की बाहेर?" कायद्याच्या पंडितांनी दोन दिवस खल केला. बाहेर उभ्या सेनापतीला तो अधिकार होता, हे शेवटी कबूल करावं लागलं. खटला उभा राहत नाही.

वोल्कातिअस जवळून जाताना हळूच म्हणाला, "हरकत नाही. दुसरे मार्ग आहेत."

"असू देत," मी म्हणालो. "तुम्ही मार्ग शोधा, मी घरीच आहे. आता मला कुणाची परवानगी लागत नाही."

ऑक्टोबर, तारीख १५

आज यात्रा निघाली असती. दिवसभर छपरावर होतो. कौल बसवलं, शेजारची चार फुटली होती तीही बदलली.

नोव्हेंबर, तारीख २२

होस्टस आला. इबेरियात तार्राकोच्या बंदरात लेतोंदो उतरला तो थेट डोंगराच्या वाटेला लागला. एकदाही मागे वळून बघितलं नाही म्हणे. होस्टसला ते आवडलं नव्हतं. "आभार तरी मानायचे," म्हणाला. मी म्हटलं, त्याचंच त्याला परत दिलं, आभार कसले. पण खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, की काहीतरी निरोप असेल.

सेक्स्टसचा सुभा दुसऱ्याच कोणाला गेला. रस्त्यात दिसला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. मी हाक मारली, दोनदा.

मार्च, तारीख १०

वोल्कातिअसचा मार्ग समजला. नवे सेन्सर, म्हणजे सिनेटचा पट ठेवणारे अधिकारी, सिनेटरांची यादी जाहीर वाचतात. ज्याचं नाव वाचलं नाही, तो सिनेटमधून गेला. कारण द्यावं लागत नाही. उद्या वाचन आहे, आणि माझं नाव यादीत नाही, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे.

तितिनियाला म्हणालो, "जाऊ नये असं वाटतं."

"खरं सांगा."

"जावंसं वाटतंय. पण तिथे उभं राहून काय करणार?"

"ते तिथे गेल्यावर बघा," ती म्हणाली. "मी येतेय."

मार्च, तारीख ११

मध्य चौकात गर्दी होती. लोक बाजूला सरले. वाट करून देत होते की टाळत होते, कळलं नाही. वोल्कातिअसची माणसं पायऱ्यांवर होती. एकाने खेचराचा आवाज काढला. तितिनियाने त्याच्याकडे वळून बघितलं, तो खोकल्याचं सोंग करायला लागला.

सेन्सर मंचावर चढले आणि वाचन सुरू झालं. घराण्यामागून घराणी. प्रत्येक नावाला त्या माणसाचे लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या आधीचं नाव आलं. आता माझं वगळून थेट नंतरचं येणार होतं. सेन्सरने पान जरा जवळ धरलं आणि श्वास घेतला. तो श्वास फार लांब नव्हता. पण माझ्या जागेपुरता होता.

मी म्हणालो, "नुमेरिअस ओटासिलिअस. हजर."

तुरेसाच्या भिंतीवर ऐकू जाईल असा माझा आवाज आहे. सगळा चौक वळला. सेन्सर पानावर बोट ठेवून थांबला. "हे नाव यादीत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून मीच वाचलं. तुमचं चालू द्या."